वर्गातील सजगतेचा ताळेबंद

वर्गात दंगा करणाऱ्या मुलास शांत कसे करावे, हा शिक्षकांपुढील जुनाच प्रश्न. त्यावर अलीकडे सुचविला जाणारा उपाय म्हणजे सजगता, अर्थात माइंडफुलनेस: काही क्षण श्वासाकडे लक्ष द्यावयाचे, मनात उठलेला राग वा भीती ओळखावयाची आणि मगच कृती करावयाची. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ साली नर्सरी ते आठवीसाठी आनंदाचा जो स्वतंत्र तास सुरू झाला, त्याचा आरंभही अशाच ध्यानाने होई. डोळे मिटून बसलेली मुले पाहून पालकांस समाधान वाटते. मात्र त्या समाधानाचा ताळेबंद क्वचितच मांडला जातो.

ब्रिटनमध्ये तो काटेकोरपणे मांडला गेला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने ८०हून अधिक माध्यमिक शाळांतील, ११ ते १४ वयोगटातील ८ हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे शाळांचे दोन गट पाडले गेले. एका गटातील शिक्षकांनी प्रथम स्वतः सजगतेचा अभ्यास केला व नंतर मुलांना १० धडे दिले. दुसऱ्या गटात भावनिक व सामाजिक शिक्षण पूर्वीप्रमाणेच चालू राहिले. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते अपेक्षाभंग करणारे होते. नैराश्य, वर्तन वा मनःस्वास्थ्य यांपैकी कशातही पहिल्या गटातील मुले सरस ठरली नाहीत. ज्यांना आधीच मानसिक त्रासाचा धोका अधिक होता, त्यांच्या बाबतीत तर परिणाम किंचित प्रतिकूलच दिसला. शिवाय बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. भांडवल न घालता व्याजाची अपेक्षा करण्यासारखेच हे!

लाभ झाला तो शिक्षकांना. त्यांचा थकवा कमी झाला, शाळेचे वातावरणही काहीसे निवळले. पुढे वर्षभरात हा परिणाम बहुतांशी ओसरला.

शाळांच्या चालकांनी विचार करावा तो येथेच. गिऱ्हाइकाशी बोलताना वडिलांचा स्वर कसा आहे, हे दुकानात बसलेले मूल अचूक टिपते. वर्गातील मूलही शिक्षकांना तसेच वाचते. संतापाने तापलेल्या शिक्षकांनी ‘डोळे मिटा’ असा हुकूम सोडला, तर ते ध्यान शिक्षाच वाटणार. ज्यास डोळे मिटताच भीती वाटते, त्यास ते उघडे ठेवून खिडकीबाहेरचे झाड पाहण्याची मुभा असावी. आणि जो मुलगा स्वस्थ बसूच शकत नाही, तो रात्री किती वाजता झोपला व सकाळी काही खाऊन आला आहे काय, याची चौकशी आधी व्हावी.