भात ताटात, डाळ मिरचीत

मुंबईत साकीनाका जंक्शनवरून संध्याकाळी खैरानी रोडला वळलं की चायनीजच्या गाड्यांवर एकच बेत परतला जात असतो: भात, कोबी आणि भोपळी मिरचीचे चार-दोन उभे काप. तेवढ्या हिरव्या कापांच्या जोरावर ‘भाजी पण आहे की त्यात’ म्हणत पोरं प्लेट रिकामी करतात. तिकडे चांदिवलीच्या टॉवरांत हीच मिरची आख्खी असते. पोटात भात आणि डोक्यावर चीज घेऊन ती ओव्हनमधून बाहेर येते आणि ‘हेल्दी’ म्हणून मिरवते. या जोडीबद्दल दोन मतं ठासून सांगितली जातात. एक म्हणजे भोपळी मिरची नुसतं पाणी आणि भात नुसती साखर, त्यात पोषण कुठलं? दुसरं म्हणजे भाताने भरलेली मिरची हे परिपूर्ण शाकाहारी जेवण. ही दोन्ही मतं चुकीची आहेत, आणि माझ्या मते दुसरं जास्त घातक, कारण ते खाणाऱ्याला समाधानी करून उपाशी ठेवतं.

आधी पाण्याचा आरोप. भोपळी मिरचीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, हे खरं. शंभर ग्रॅमला उष्मांक वीसेक आणि प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम, हेही खरं. पण त्याच शंभर ग्रॅम कच्च्या हिरव्या मिरचीत सुमारे 80 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने (आयसीएमआर) 2020 मध्ये प्रौढ पुरुषासाठी दिवसाला सांगितलेलं प्रमाण नेमकं तेवढंच आहे. शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांना 1930 च्या दशकात हे जीवनसत्त्व भरपूर मिळवायचं होतं, तेव्हा ते संत्र्या-लिंबांच्या मागे लागले नाहीत. हंगेरीत सेगेदला त्यांनी ते मिरचीतून काढलं, आणि 1937 चं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. शिजवताना यातलं बरंच जातं, असा आक्षेप येईल. येऊ द्या. अर्धं गेलं असं धरलं तरी दोन मध्यम मिरच्यांत एका माणसाची दिवसाची गरज शिल्लक राहते. झाकण ठेवून, अंगच्याच पाण्यावर शिजवली तर नुकसान आणखी कमी. लाल-पिवळ्या महागड्या मिरच्यांचाही आग्रह नको. लाल मिरचीत क जीवनसत्त्व आणि कॅरोटीन जास्त असतं, पण बाजारातली साधी हिरवी या कामाला पुरेशी आहे.

भातावरचा आरोप थोडा गंभीर आहे. भारतीय जेवणात सुमारे 62 टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, असं आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या पाहणीने 2025 मध्ये दाखवलं. हे प्रमाण जास्तच आहे. पण या आकड्याचा आधार घेऊन ‘भात सोडा, चपाती धरा’ म्हणणारे त्याच पाहणीतली पुढची गोष्ट सांगत नाहीत. एकूण पिष्ट तेवढंच ठेवून भाताच्या जागी गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आणलं, तर मधुमेहाचा धोका घटल्याचं तिथे दिसलं नाही. पिष्टाचा थोडा वाटा काढून तिथे डाळी किंवा दूधदुभत्याची प्रथिनं आणली, की फरक दिसला. म्हणजे दोष भाताच्या जातीत शोधू नये. ताटात भाताच्या शेजारी काय आहे, हे पाहावं.

इथेच ‘परिपूर्ण’वाल्यांचा पाय घसरतो. मध्यम आकाराच्या दोन मिरच्यांत फार तर शंभर-सव्वाशे ग्रॅम शिजलेला भात मावतो. त्यात प्रथिनं तीन ग्रॅम. मिरचीची दोन मिळवली तरी पाच. 65 किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम लागतात. चीजने आकडा थोडा वाढतो, पण ते चीज कारखान्यात मशीनवर बारा तास उभं राहणाऱ्या कामगाराच्या खिशाला परवडलं पाहिजे ना! मिरचीच्या पोटातली जागा मोजकी असते. ती भाताला देऊन टाकली की डाळीला जागाच उरत नाही, आणि भात तर आपण एरवीही बाजूला वाढून घेतच असतो.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरांत हा हिशेब कोणी कागदावर न मांडताच सुटलेला आहे. भरली मिरची म्हणजे खमंग भाजलेलं बेसन, दाण्याचा कूट, तीळ, खोबरं, गोडा मसाला, चवीला गूळ आणि वरून लिंबू. भात वेगळा, ताटात. आता मोजा. दोन मिरच्यांत मिळून पन्नास ग्रॅम बेसन गेलं तर प्रथिनं दहा-अकरा ग्रॅम. वीस ग्रॅम कुटाची पाच. पाऊणशे ग्रॅम तांदळाच्या भाताची पाच-सहा, वाटीभर दह्याची तीन, मिरचीची दोन. बेरीज पंचवीसच्या पुढे जाते, दिवसाच्या गरजेच्या जवळपास निम्मी. शिवाय भाताच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते हरभऱ्याच्या डाळीत भरपूर; डाळीत कमी असलेलं मेथिओनिन भातातून मिळतं. ही जोडी प्रत्येक घासाला जुळायलाच हवी असंही नाही. 1971 च्या आपल्या पुस्तकातून या जुळणीचा आग्रह धरणाऱ्या अमेरिकन लेखिका फ्रान्सिस मूर लापे यांनी दहा वर्षांनी तो स्वतःच मागे घेतला. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरे.

मिरचीची खरी कामगिरी मात्र लोहाच्या बाबतीत आहे. बेसनात आणि दाण्यांत लोह असतं, पण त्यांतल्याच फायटेट या घटकामुळे ते अंगी लागणं कठीण. सोबत क जीवनसत्त्व आलं की ते अधिक शोषलं जातं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या; अशा राज्यात ही जोडी नुसती चवीची बाब राहत नाही. तरी अतिशयोक्ती नको. या ताटातून चार-पाच मिलिग्रॅम लोह मिळेल आणि स्त्रीची दिवसाची गरज 29 आहे. ब-12 जीवनसत्त्व तर दह्यातून येईल तेवढंच.

‘हे सगळं घरी करणाऱ्यांसाठी ठीक आहे’ असं कोणी म्हणेल, आणि हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोच्या गर्दीत डबा आडवा झाला तरी भरल्या मिरचीतून रस्सा सांडत नाही, पण डबा भरून देणारं घर आधी हवं. 18 डिसेंबर 2017 च्या पहाटे याच खैरानी रोडवर फरसाणाच्या कारखान्याला आग लागून 12 कामगार गेले. कामगार रात्री तिथेच झोपत होते. गाळ्यात राहणाऱ्याला ‘घरचं ताजं खा’ सांगणं ही थट्टा आहे. त्याचं जेवण खानावळीच्या हातात असतं. म्हणून हे लिहिणं मुख्यतः खानावळ चालवणाऱ्यांसाठी आहे.

तुमच्या राइस प्लेटमध्ये आठवड्यातून दोनदा बटाट्याऐवजी बेसन-कुटाची भोपळी मिरची येऊ द्या. भरायला वेळ नसेल तर पीठ पेरून करा, पोषण तेच. आणि ताटाला लागूनच कटिंग चहा देऊ नका. 1975 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी भात आणि बटाटा-कांद्याच्या सुपाबरोबर चहा देऊन पाहिला, तेव्हा लोहाचं शोषण घटलं. इतर चाचण्यांत क जीवनसत्त्व सोबत असतानाही चहाने तोच अडथळा आणला. गिऱ्हाइकाला तासाभराने परत बोलवा. चहा तेव्हाही तेवढाच खपेल.