निवड कागदावर, भुर्दंड विद्यार्थ्याला

आमच्या वस्तीतील एका हमालाची मुलगी मागील सत्राच्या आरंभी विषयांचा तक्ता घेऊन माझ्याकडे आली. कला शाखा, दुसरे वर्ष, मुख्य विषय अर्थशास्त्र. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या मला तो तक्ता उलगडण्यास दोन दुपारी लागल्या. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला ऐच्छिक, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्रप्रकल्प असे रकाने, आणि प्रत्येकाचा श्रेयांकांचा कोटा वेगळा!

२० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात ही रचना आणली. प्रत्येक सत्राला किमान वीस श्रेयांक, व्याख्यानांचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक. खुला ऐच्छिक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच हवा, असा दंडक आहे. या मुलीच्या महाविद्यालयात कलेखेरीज केवळ वाणिज्य आहे. तेथील तास दुपारी उशिरा, तिच्या गावची शेवटची एस.टी. त्याआधीच सुटणारी. म्हणून पहिल्या वर्षी तिला कलेतीलच एक विषय लिहून देण्यात आला. वर्ष उलटल्यावर उमगले की तो त्या रकान्यात धरला जात नाही. कार्यालयाचे उत्तर काय? ‘तू स्वतः पाहायला हवे होतेस.’

साऱ्या धोरणाचे मर्म या एका वाक्यात आहे. कोणत्या रकान्यात किती येणे बाकी आहे, याचा हिशेब ठेवणे हे वस्तुतः संस्थेचे काम. ते अठरा वर्षांच्या मुलांच्या माथी मारून त्याला ‘विद्यार्थिकेंद्री’ असे गोंडस नाव दिलेले आहे. २०२१ साली श्रेयांकांची पेढीही निघाली. परंतु पेढी जमा दाखविते. पुढील सत्रात काय घ्यावे हे सांगणारा माणूस पेढीत बसत नाही. प्राध्यापकाच्या घरातील मुलाला तो माणूस जेवणाच्या ताटावर भेटतो.

जुन्या पद्धतीत निवडच नव्हती, असे समर्थक म्हणतात. ते खरे आहे आणि त्या पद्धतीचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. पण पुरवठा नसलेल्या बाजारात ग्राहक सार्वभौम आहे असे सांगणे ही अर्थशास्त्राची थट्टा होय. अध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर माणसे राबवायची, आणि वेळापत्रक त्यांच्या सवडीने आखायचे. तेथे मुलाने निवडायचे ते काय? राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्चावे, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सांगितले. २०२० च्या धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. आकडा लिहिण्यास पैसे पडत नाहीत.

आणि मध्येच बाहेर पडण्याची सोय पाहा. पहिल्या वर्षानंतर चार जादा श्रेयांक मिळवून प्रमाणपत्र घ्यावे, तीन वर्षांत परत यावे, सात वर्षांत पदवी संपवावी! रोजगारावर गेलेली पोर परत येते काय, हे ठरविणाऱ्यांनी एकदा एखाद्या बाजार समितीच्या आवारात विचारून पाहावे.

आपल्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नाला ‘कारकुनी बाब’ म्हणून झटकू नये. प्रत्येक सत्रापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती त्याच्या श्रेयांकांचा लेखी, सहीशिक्क्याचा हिशेब पडला पाहिजे. संस्थेच्या चुकीने बुडालेला श्रेयांक संस्थेने विनाशुल्क भरून दिला पाहिजे. आणि ज्या विषयाला अध्यापक नाही तो तक्त्यात छापता कामा नये. प्राचार्यांकडे जाताना शिष्टमंडळाने दहा मुलांचे तक्ते बरोबर न्यावेत. त्या मुलीचा तक्ता मी नकलून ठेवला आहे.