कॅमोमाइल आणि गाजर गवत

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माणसाची झोप अमेरिकेच्या घड्याळावर चालते. रात्री साडेनऊचा कॉल अकराला संपतो, पण डोकं बंद व्हायला एक वाजतो. मागच्या वर्षी एका सहकाऱ्याने यावर उपाय म्हणून कॅमोमाइलच्या चहाचा डबा आणून दिला. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळा गोंडा, आपल्या शेवंतीची धाकटी बहीण शोभेल असं फूल. चव सफरचंदाच्या सालीसारखी. मला आवडला. आणि मंडळी, आपल्याला एखादी गोष्ट आवडली की ती दुसऱ्याला दिल्याशिवाय चैन पडत नाही!

आमचे काका पौडच्या पुढे एका गावात राहतात. भातशेती आहे. (हो, हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येतं. पण आमच्या काचेच्या इमारतीतून तालुका दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.) काकांना गेली कित्येक वर्षं गाजर गवताचा त्रास आहे. पावसाळा आला की मान, पापण्या, कोपराचे खळगे लाल होतात, कातडी जाड होते आणि रात्रभर खाज. झोप नाही. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. शनिवारी घोटवड्यामार्गे पौड गाठलं आणि डबा काकांच्या हातात ठेवला. "झोपताना घ्या. नैसर्गिक आहे, काही होत नाही."

काकूने पुडी नाकाला लावली आणि म्हणाली, "आरं, ह्यो तर शेवंतीवानी वास!" मी हसलो. हसायला नको होतं.

चौथ्या दिवशी फोन आला. काकांचे डोळे सुजून बंद झाले होते, ओठ सुजले होते, जुनं सगळं अंग पेटून उठलं होतं. नशीब, श्वासाला त्रास झाला नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "नवीन काय घेतलं?" आणि डबा बघून दुसरा, "हे कोणी दिलं?"

आता यातली गंमत (गंमत नाहीच, पण शब्द तोच येतो) सांगतो. कॅमोमाइल हे सूर्यफुलाच्या कुळातलं. शेवंती, झेंडू, माका, अक्कलकारा ही सगळी त्याची भावंडं. आणि आपलं गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, तेही याच घरातलं. १९५५-५६ च्या सुमारास आपल्या देशात ते पहिल्यांदा लक्षात आलं ते पुण्यातच, आणि त्याने होणाऱ्या त्वचारोगावरचं सुरुवातीचं कामही पुण्यातल्या रुग्णांवर झालं. ज्याचं अंग या कुळातल्या एका झाडावर बिघडतं, त्याचं दुसऱ्यावरही बिघडू शकतं. सगळ्यांचं बिघडतं असं नाही, पण ज्याचं बिघडतं त्याला आधी कळायला हवं ना?

डबा नंतर नीट वाचला. इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात, इशारा होता! रॅगवीडची अॅलर्जी असल्यास घेऊ नये. आता मला सांगा, पौडच्या बाजारात रॅगवीड कोणाला माहीत आहे? अमेरिकेत या कुळातलं त्रास देणारं नेहमीचं तण म्हणजे रॅगवीड. आपल्याकडे ते काम गाजर गवत करतं. इशारा होता, पण दुसऱ्याच देशाच्या शेताबद्दल. आमच्या धंद्यात याला म्हणतात, सॉफ्टवेअर विकलं पण लोकलायझेशन विसरलं. आम्ही तारीख आणि चलन बदलून देतो, मग औषधी फुलाच्या डब्यावर एक वाक्य बदलायला काय हरकत आहे? माझं स्पष्ट मत आहे की महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कॅमोमाइलच्या डब्यावर मराठीत छापलं पाहिजे: "गाजर गवत, शेवंती किंवा झेंडूने त्रास होत असेल तर घेऊ नका."

याचा अर्थ कॅमोमाइल वाईट असा नाही. युनानी औषधात ते 'बाबूना' म्हणून जुनं आहे, लखनौच्या सीमॅप या सरकारी संस्थेने त्याचा 'वल्लरी' नावाचा वाणही काढलाय. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात चिंतेचा आजार असलेल्या ५७ लोकांवर चाचणी झाली. अर्काच्या कॅप्सूल घेणाऱ्यांची चिंता नकली कॅप्सूलवाल्यांपेक्षा थोडी जास्त कमी झाली. मात्र २०११ ची निद्रानाशाची चाचणी (३४ लोक, २८ दिवस) झोपेत ठोस फरक दाखवू शकली नाही. म्हणजे मला जी झोप लागत होती, ती बहुतेक रात्री लॅपटॉप मिटून पाच मिनिटं कप धरून बसण्याची.

ज्यांना चालतं त्यांनी जरूर प्यावं. दोन चमचे सुकी फुलं, वर उकळतं पाणी, आणि पाच-दहा मिनिटं झाकण. झाकण महत्त्वाचं, कारण सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. गार करून गुळण्या करता येतात. डोळे मात्र त्याने धुऊ नका, त्यातूनही अॅलर्जी झाल्याची उदाहरणं आहेत. लावायचं असेल तर पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या आसपास कुंडीत. बी अगदी बारीक असतं, मातीवर नुसतं भुरभुरायचं, पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो. पाकळ्या आडव्या पसरल्या की फुलं खुडून सावलीत वाळवायची.

आणखी एक. रक्त पातळ करण्याची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. २००६ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात सत्तर वर्षांच्या एका बाईंची हकीकत आली होती. त्या वॉरफरिन घेत होत्या, सोबत कॅमोमाइलचा चहा आणि त्याचंच लोशन. पोटात रक्तस्राव होऊन त्यांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. आपल्या घरातल्या किती आजी-आजोबांची ही गोळी चालू असते, मोजून बघा. तान्ह्या बाळाच्या पोटदुखीलाही हा चहा आपल्या मनाने पाजू नका.

"नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे वाक्य मी त्या दिवशी काकांना म्हणालो. अहो, गाजर गवतही नैसर्गिकच आहे! ज्याच्याने फायदा होतो त्याच्याने तोटाही होऊ शकतो, एवढं साधं गणित मला पंधरा वर्षं कोड लिहून कळलं नव्हतं. काकूला नुसत्या वासावरून झाडाची जात कळली होती.

काका आता बरे आहेत. त्यानंतर मी हातमोजे घेऊन गेलो आणि फुलं यायच्या आधी बांधावरचं गवत आम्ही दोन भावांनी मुळासकट उपटलं. काका ओट्यावर बसून बघत होते. "ह्ये आधी केलं असतं तर?" एवढंच म्हणाले.

असो. तुमच्याकडे असा एखादा डबा असेल, तर कोणाला देण्याआधी फक्त एक प्रश्न विचारा: गाजर गवताने अंगाला काही होतं का?