बैलाचे दात आणि ट्रॅक्टरचा धूर

बैल घेताना त्याचे तोंड उघडून दात मोजतात, एवढे आम्हां शहरी माणसांनाही ऐकून ठाऊक असते. दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी 'जुळलेला', अशी ती वयाची मोजदाद. मग त्याला चालवून पाहायचे, अंगावरचा भोवरा शुभ की अशुभ ते ठरवायचे आणि उपरण्याखाली बोटे धरून भाव करायचा. ही विद्या बापाकडून मुलाकडे आपोआप येई. परंतु ३० वर्षांचा जुना ट्रॅक्टर घ्यायचा झाला, तर त्याचे तोंड कुठून उघडावे?

हा प्रश्न माझ्या आतेभावाला पडला. तो वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात राहतो. मालेगाव म्हटले की लोकांना नाशिककडचे आठवते. हे मालेगाव जहांगीर, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या वाटेवरचे. त्याची सहा एकर काळी जमीन आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर, सोयाबीन निघाले की त्या जागी हरभरा. आता सोयाबीन काढल्यावर जमिनीत ओल असते तेवढ्यात हरभरा पडला पाहिजे. भाड्याचा ट्रॅक्टर मात्र आधी वीस एकरवाल्याकडे जातो आणि सहा एकरवाल्याकडे येतो तेव्हा ओल उडून गेलेली असते. बैलजोडी दोन वर्षांपूर्वीच विकली. तेव्हा एखादा लहानसा, जुना पण चालता ट्रॅक्टर घ्यावा, असे दादाच्या मनाने घेतले. सोयाबीनचे आलेले पैसे होते, आणि वहिनींनी बचत गटातून ४०,००० रुपये उचलले होते. गटाचा हप्ता दर महिन्याला वहिनींच्या नावावर पडणार, ट्रॅक्टर चालो वा न चालो.

मला बोलावले ते कागद वाचायला. शहरातल्या नातेवाइकाचा खेड्यात हाच एक खात्रीचा उपयोग. यंत्र पाहायला मिस्त्री होते, आणि वहिनी कुणी न बोलावता जीपमध्ये येऊन बसल्या होत्या.

ट्रॅक्टर अंगणात निंबाखाली उभा होता. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही. तीस वर्षे राबलेल्या यंत्राचे दुखणे कंपनीच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. मालक सत्तरीचे आबाजी. मिस्त्रींनी रामराम केला, सरळ जाऊन इंजिनावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "आबाजी, इंजिन गरम हाय."

"सकाळी नातू पानी आनाले घेऊन गेला व्हता."

"हाव. मग थंडं होऊ द्या. तवर बसू."

जुन्या डिझेल इंजिनाची खरी परीक्षा थंडीतच होते. पिस्टन आणि लायनर झिजले की दाब कमी पडतो आणि थंड इंजिन लवकर पेटत नाही. तेच गरम असले की पहिल्याच झटक्याला सुरू होऊन गिऱ्हाइकाला फसवते. म्हणून आम्ही दोन तास बसलो. चहा झाला, चिवडा झाला. वहिनी आत माजघरात गेल्या.

आबाजींनी ट्रॅक्टर घेतला तो १९९४ साली, बँकेचे कर्ज काढून. तेव्हा वाशीम हा स्वतंत्र जिल्हाच नव्हता. तो १ जुलै १९९८ ला अकोल्यातून निघाला. म्हणून पाटीवर अजून अकोल्याचा एमएच-३० आहे, वाशीमचा ३७ नाही. आपल्या देशात ट्रॅक्टर तयार होऊ लागले तेच मुळी १९५९ साली. एप्रिलच्या २४ तारखेला फरिदाबादेत आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. मुंबईच्या महिंद्रांनी १९६३ साली परदेशी कंपनीशी हातमिळवणी केली. १९७४ साली मोहालीतून 'स्वराज ७२४' निघाला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याच अभियंत्यांनी केलेला. पुढे स्वराजच्या इंजिनांसाठी पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या सहकार्याने वेगळा कारखानाही उभा राहिला. हे सगळे मी मोठ्या ऐटीत सांगितले. आबाजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमचं शेत किती?"

वहिनी बाहेर आल्या त्या मिस्त्रींच्या कानाशी दोनच शब्द बोलून बाजूला झाल्या.

मग परीक्षा सुरू झाली. मिस्त्रींनी तेलाची दांडी काढून बोटावर पुसली. तेल काळे होते, पण दुधाळ नव्हते. दुधाच्या चहासारखा रंग असता तर आत पाणी शिरले असे समजायचे. रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाची साय आहे का ते पाहिले. एअर क्लीनरची वाटी खोलली, तर तळाशी तेल स्वच्छ. "मालक नीटनेटका हाय," मिस्त्री माझ्याकडे पाहून म्हणाले. तासमापक कधीचाच बंद होता, पण त्यांना त्याची गरज पडली नाही. ते मागे वाकले आणि ट्रॉलीची पिन बसते त्या भोकात बोट फिरवले. ट्रॉल्या ओढून ओढून ते भोक लांबट होते. हे अजून गोल होते. म्हणजे ट्रॅक्टर शेतातच राबला, रेतीच्या भाड्याला गेला नाही. मला ही गोष्ट फारच आवडली. माणसांचीही अशी एखादी खूण असती तर किती बरे झाले असते!

सेल्फ मारला. तिसऱ्या झटक्याला इंजिन पेटले. पांढरा धूर आला आणि विरला. निळा आला असता तर इंजिन तेल पीत आहे असे समजायचे. भार टाकल्यावर काळाकुट्ट आला तर डिझेल नीट जळत नाही. चालत्या इंजिनावर तेलाचे झाकण काढून मिस्त्रींनी ते तोंडावर उलटे ठेवले. झाकण थोडे थरथरले, नाचले नाही. वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच हळूहळू सोडला. इंजिन गुदमरून बंद पडले. क्लच प्लेट धरते आहे. पुढचा आस जॅकवर घेऊन चाक हलवले, तर खडखड वाजले. किंगपिन आणि बुश गेलेले. मागच्या टायरांच्या खाचा अर्ध्या उरल्या होत्या.

शेवटी लिफ्ट. लहान ट्रॅक्टरचा जीव तिच्यात असतो. पूर्वी अवजार गाडीसारखे मागे ओढीत, आणि नांगर अडला की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो उलटे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने अवजार तीन ठिकाणी जोडून ते तेलाच्या दाबाने उचलण्याची युक्ती काढली. त्यामुळे जमिनीची ओढच मागच्या चाकांना खाली दाबते आणि हलके यंत्र जड काम करते. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत त्याच्या एका लहानशा करड्या ट्रॅक्टरचे पाच लाखांहून अधिक नग निघाले.

मिस्त्रींनी पाच फाळांचा कल्टिव्हेटर जोडून वर उचलला आणि इंजिन बंद केले. आम्ही सगळे फाळांकडे पाहत उभे राहिलो. ते सावकाश खाली येऊ लागले. कपातला चहा संपायच्या आत टेकले.

"दोन वर्सं झाले," आबाजी म्हणाले.

"सांगितलं नाही तुमी," दादा म्हणाला.

"इचारलं कुठं?"

वहिनींनी मात्र विचारले होते. आत आजींनी सरळ सांगून टाकले होते, की लिफ्ट धरत नाही, यांच्या गुडघ्याने क्लच दाबवत नाही, आणि पोरगा चाकणला कंपनीत लागला तो आता परत येत नाही.

मागणी दीड लाखाची होती. मिस्त्रींनी लिफ्टचे सील आणि सिलिंडर, किंगपिन, बुश यांचा हिशेब पाटीवर मांडला, टायर पुढच्या वर्षावर ढकलले, आणि सौदा १,१५,००० वर आला. आबाजींनी घासाघीस केली नाही. ते ट्रॅक्टरच्या मडगार्डवरची धूळ उपरण्याने पुसत होते.

आता माझी पाळी. आरसी बुक उघडले तर कर्ज केव्हाच फिटलेले, पण बँकेचा बोजा तसाच नोंदलेला. आबाजी बेबाकीचा दाखला आणायला कधी गेलेच नव्हते. पहिली १५ वर्षे संपल्यावर दर पाच वर्षांनी करायचे नूतनीकरणही मागच्या खेपेला राहून गेलेले. बँकेचा सही-शिक्क्याचा दाखला आणि ३५ नंबरचा अर्ज गेल्याखेरीज बोजा उतरत नाही. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे अर्ज निराळे. इंजिन आणि चेसिसचे नंबर मी खडूने घासून बुकाशी ताडून पाहिले. जुळले.

दादा सगळे पैसे देऊन ट्रॅक्टर आजच न्यायला निघाला होता. हरभऱ्याची ओल चालली होती ना! वहिनी म्हणाल्या, "विसार द्या पाच हजार. बाकीचे बँकेचा शिक्का पाहून." आबाजींनी मान डोलावली आणि नातवाला सोमवारी बँकेत न्यायला सांगितले. तोवर पेरणीपुरता ट्रॅक्टर घेऊन जा, असे ते स्वतःहूनच बोलले. फक्त कल्टिव्हेटरखाली लाकडाचा ठोकळा ठेवत जा म्हणाले.