राजीनाम्याला दहा महिने

नाशिकच्या प्रथमवर्ग न्यायालयाने 20 फेब्रुवारी 2025 रोजी माणिकराव कोकाटे यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा ते राज्याचे कृषिमंत्री होते. आरोप राजकीय नव्हता, अगदी घरगुती होता. मुख्यमंत्र्यांच्या 10 टक्के कोट्यातील, गरजूंसाठी राखलेल्या सदनिका उत्पन्न कमी दाखवून पदरात पाडून घेतल्याचा. कॉलेज रोडवरच्या त्या सदनिकांबद्दल तक्रार केली होती माजी मंत्री तुकाराम दिघोळे यांनी, 1995 मध्ये. निकाल लागला तेव्हा दिघोळे हयात नव्हते.

लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार दोन वर्षांची शिक्षा झाली की आमदारकी जाते. अपील केल्याने ती टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या लिली थॉमस निकालात स्पष्ट केले आहे. सुरतच्या न्यायालयाने मानहानीच्या खटल्यात शिक्षा दिल्यानंतर राहुल गांधींची खासदारकी दुसऱ्याच दिवशी गेली. नागपूर जिल्हा बँक घोटाळ्यात सुनील केदारांची आमदारकी दोन दिवसही टिकली नाही. कोकाटेंच्या वेळी मात्र विधिमंडळाला घाई नव्हती. मार्चमध्ये सत्र न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत आमदारकी शाबूत राहिली आणि मंत्रिपदही. विरोधकांची फाईल धावते, सत्ताधाऱ्यांची टेबलावर पडून राहते, असे लोक म्हणाले तर त्यांना दोष कसा द्यायचा?

मधल्या काळात काय घडले, तेही आठवावे. एप्रिलमध्ये अवकाळीने झोडपलेल्या शेतकऱ्यांनाच मंत्री कर्जमाफीच्या पैशांतून होणाऱ्या साखरपुड्या-लग्नांचा हिशेब विचारत होते. जुलैत विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळतानाची त्यांची चित्रफीत राज्याने पाहिली. आपण केवळ जाहिरात बंद करत होतो, हा त्यांचा खुलासा. सरकारने ‘कारवाई’ केली ती अशी, की कृषी खाते काढून क्रीडा खाते दिले! यामागे विनोद करण्याचा हेतू नसावा.

अखेर 16 डिसेंबरला सत्र न्यायालयाने शिक्षा कायम केली, पाठोपाठ अटक वॉरंट निघाले, मंत्री मुंबईत रुग्णालयात दाखल झाले आणि मग राजीनामा आला. उच्च न्यायालयाने जामीन दिला, पण दोषसिद्धीला स्थगिती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने आमदारकी तूर्त वाचवली. मात्र लाभाचे पद घेता येणार नाही, असे बजावले.

याच महाराष्ट्रात 1986 मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांनी मुख्यमंत्रिपद सोडले. मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीवरून उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले होते, एवढ्यावरच. शिक्षा नव्हती, वॉरंट नव्हते. त्या काळचे राजकारण सोवळे होते असे नाही. पण पक्षाला लाज वाटेल, ही भीती तरी शिल्लक होती.

कोकाटेंचा मतदारसंघ असलेल्या सिन्नरच्या मतदारांनीही स्वतःला विचारायला हवे. हा खटला जुना, सर्वांना ठाऊक असलेला. तरी 2024 मध्ये कोकाटे निवडून आलेच.

अंतिम निकाल न्यायालय देईल. पण मंत्रिमंडळात कोणाला ठेवायचे, हे न्यायालय ठरवत नाही, मुख्यमंत्री ठरवतात. फेब्रुवारीतच मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि कोकाटेंच्या पक्षाच्या, राष्ट्रवादीच्या, नेतृत्वाने राजीनामा घ्यायला हवा होता. तो न घेण्याचे कारण त्यांनी आजही सांगावे. आणि विधानसभा अध्यक्षांनी दोषी आमदाराबाबतच्या निर्णयासाठी, पक्ष न पाहता, 48 तासांची मुदत स्वतःवर घालून घ्यावी.