बियॉन्सेने दिलेला सुखद धक्का



नामांकित पॉप गायिकेचा नवा अल्बम आला की त्यात काय असणार, हे साधारण ठरलेले असते. जोरदार ठेका, झगमगाट आणि प्रेमाची चार गाणी. तरुण मुले ती मोबाईलवर ऐकतात आणि थोरांना तो नुसता गोंगाट वाटतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका बियॉन्से हिचा ‘काउबॉय कार्टर’ हा अल्बम २९ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा आम्हीही याच अपेक्षेने तो लावला. कानावर पडले ते बँजो, गिटार आणि खेड्यापाड्यांतले सूर! हा धक्का सुखद होता. त्यामागची हकिकत समजली, तेव्हा अल्बमविषयीचा आदर आणखी वाढला.

अमेरिकेतील ग्रामीण गाण्यांना ‘कंट्री’ संगीत म्हणतात. शेत, घोडा, आईबाप, कष्ट, विरह हे त्याचे विषय. नॅशव्हिल हे शहर त्याची राजधानी. काउबॉय टोपी घातलेला, हातात गिटार घेतलेला गोरा माणूस हे त्याचे चित्र जगभर पोहोचले आहे. पण हे चित्र अपुरे आहे. ज्या बँजोवाचून या संगीताचे पान हलत नाही, तो बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांची देणगी आहे. भोपळ्यावर कातडे ताणून, तारा लावून ते हे वाद्य बनवीत. त्यांच्या मायभूमीत, पश्चिम आफ्रिकेत, त्याच घडणीची वाद्ये आजही वाजतात. पुढे १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी धंद्यासाठी संगीताची वाटणी केली. काळ्यांच्या रेकॉर्डी वेगळ्या, गोऱ्या खेडुतांच्या वेगळ्या. एकाच मातीतील गाण्यांमध्ये भिंत उभी राहिली. बँजो भिंतीच्या त्या बाजूला गेला आणि तो बनवणाऱ्यांची नावे पुसली गेली.

डीफोर्ड बेली याचे उदाहरण घ्या. हा कृष्णवर्णीय कलावंत माऊथ ऑर्गनवर हुबेहूब आगगाडी वाजवीत असे. नॅशव्हिलचा सुप्रसिद्ध रेडिओ कार्यक्रम ‘ग्रँड ओल ऑप्री’ याचा तो सुरुवातीच्या काळातला लाडका कलाकार होता. १९४१ साली त्याला काढून टाकण्यात आले. पुढे त्याने बूटपॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. १९८२ साली तो वारला आणि कंट्री संगीताच्या मानाच्या दालनात त्याचे नाव लागले ते २००५ साली!

बियॉन्सेचा जन्म १९८१ सालचा, टेक्सासमधील ह्यूस्टन शहरातला. २०१६ साली नॅशव्हिलच्या एका पुरस्कार सोहळ्यात तिने कंट्री धाटणीचे आपले गाणे गायले, तेव्हा ‘ही इथे कशाला?’ म्हणून अनेकांनी नाके मुरडली. मार्च २०२४ मध्ये तिने जाहीरपणे लिहिले की, काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी आपले स्वागत नाही असे जाणवले, त्या अनुभवातून हा अल्बम जन्मला. त्यानंतर तिने कंट्री संगीताच्या इतिहासाचा खोलात जाऊन अभ्यास केला. सोहळ्याचे नाव तिने घेतले नाही, पण लोकांनी ते ओळखले.

आम्हाला सर्वात भावले ते तिने सोबत कोणाला नेले हे. ‘टेक्सास होल्डेम’ या गाण्यात बँजो वाजवते ऱ्हिॲनन गिडन्स. बँजोचा कृष्णवर्णीय इतिहास लोकांपुढे मांडण्यासाठी या कलावतीने अनेक वर्षे खर्ची घातली आहेत. दुसऱ्या एका गाण्यात कंट्री गाणाऱ्या चार तरुण कृष्णवर्णीय गायिका बियॉन्सेबरोबर गातात. आणि अल्बममध्ये आवाज ऐकू येतो लिंडा मार्टेल या आजींचा!

‘ग्रँड ओल ऑप्री’च्या मंचावर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय कंट्री गायिका म्हणजे लिंडा मार्टेल. वर्ष १९६९. १९७० साली त्यांचा अल्बम निघाला. कंपनीचे नाव ‘प्लँटेशन’, म्हणजे जिथे गुलाम राबले तो मळा! गाताना श्रोत्यांतून शिव्या येत. मंचावर त्या गात राहिल्या, पण धंद्याने त्यांना टिकू दिले नाही. दक्षिण कॅरोलिनातील आपल्या गावी परतल्यावर त्यांनी शाळेची बससुद्धा चालवली. अल्बम आला तेव्हा त्यांचे वय ८२ होते. यातील एका गाण्यासाठी ग्रॅमी पुरस्काराच्या नामांकनात त्यांचे नाव झळकले, आयुष्यात प्रथमच.

अल्बममधील सगळेच चांगले आहे असे नाही. २७ तुकडे आहेत, काही उगाच लांबण लावणारे. नॅशव्हिलच्या त्याच सोहळ्यात २०२४ साली या अल्बमला एकही नामांकन मिळाले नाही. मात्र २ फेब्रुवारी २०२५ रोजी ग्रॅमीमध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा मान त्याने मिळवला. हा मान मिळवणारी बियॉन्से ही पहिली कृष्णवर्णीय कलावंत. वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कारही तिलाच मिळाला. तिच्याजवळ पैसा आहे, नाव आहे, म्हणून बंद दार ढकलता आले, हेही खरे. पण दार उघडल्यावर ती एकटी आत गेली नाही. बसचे स्टिअरिंग धरलेल्या हातांना तिने पुन्हा माईकपाशी आणले.

आपल्याही घरात आजी-आजोबा गातात. जात्यावरची, कामावरची, जलशातली गाणी त्यांना पाठ असतात. ती कोणी रचली, प्रथम कोणी गायली, हे या रविवारी मुलांनी त्यांना विचारावे आणि नाव-गावासह वहीत लिहून ठेवावे. गाणे कसेही टिकते. नाव मात्र कोणीतरी लिहून ठेवावे लागते.