हिवाळ्याचे पदक, उन्हाळ्याचा घाम

ट्रॉन्डहाइम येथे २०२५ साली झालेल्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्या योहान्नेस क्लेबोने क्रॉस कंट्री स्कीइंगच्या सहाही शर्यती जिंकल्या. दूरचित्रवाणीवर जगाला दिसला तो बर्फ, झेंडे आणि जल्लोष. या यशाचा मोठा वाटा मात्र मे ते ऑक्टोबर या काळात कमावलेला होता आणि तोही बहुतांशी बर्फाशिवाय. नॉर्वेच्या स्कीपटूंचे सरावाचे वर्ष परंपरेने १ मे रोजी सुरू होते. नोव्हेंबरअखेरीस फिनलंडमधील रुका येथे विश्वचषकाचा हंगाम उघडतो, तोवर दमसासाची पुंजी बांधून झालेली असते. पुढे ती खर्च करायची आणि जमेल तितकी टिकवायची.

बर्फ नसताना स्कीइंगचा सराव कसा होतो, हा प्रश्न आपल्याकडील वाचकास पडणे स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर रोलर स्की. सुमारे हातभर लांबीच्या पट्टीला दोन्ही टोकांस रबरी चाके, वर नेहमीचे स्कीचे बूट, हातात काठ्या आणि खाली डांबरी रस्ता. ब्रेक बहुधा नसतोच. त्यामुळे हे साधन चढावर जितके उपयोगी, तितकेच उतारावर धोक्याचे. ऑगस्टमध्ये नॉर्वेत या चाकांवरच्या शर्यतीही होतात. लीसेबोटन येथे समुद्रपातळीपासून निघून नागमोडी घाट चढत जाणारी साडेसात किलोमीटरची शर्यत पाहताना, हा बर्फावरचा खेळ आहे याचा विसर पडतो. याखेरीज काठ्या घेऊन डोंगर चढणे, दलदलीच्या माळांवर तासन्‌तास धावणे आणि वजने उचलणे हेही असतेच.

या शिबिरांतील खरी शिस्त वेग वाढविण्याची नसून तो रोखून धरण्याची आहे. मारित ब्यॉर्गेन हिने हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आठ सुवर्णांसह १५ पदके मिळविली. तिच्या सरावाच्या नोंदींचा संशोधकांनी पुढे अभ्यास केला. विशीत वर्षाला पाचशे तासांच्या आसपास असलेला तिचा सराव पस्तिशीपर्यंत नऊशेच्या वर गेला होता आणि त्यातील बहुतांश भाग संथ गतीचा होता. शिबिरात प्रशिक्षक रस्त्याच्या कडेला उभा राहून खेळाडूच्या बोटातून किंवा कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेतो आणि लॅक्टेटचे प्रमाण पाहतो. ते ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले, तर त्यास गती कमी करण्यास सांगितले जाते. तरुण खेळाडू चार-पाच जणांच्या घोळक्यात आला की ईर्ष्येने पळू लागतो. जोडीदारावर कुरघोडी केल्याचे समाधान त्यास जुलैत मिळते, पण त्याची थकबाकी फेब्रुवारीत वसूल होते.

दुसरे अंग उंचीचे. इटलीतील लिव्हिन्यो हे गाव सुमारे १८०० मीटर उंचीवर, तर अमेरिकेतील पार्क सिटी दोन हजार मीटरच्या किंचित वर आहे. अशा विरळ हवेत साधारण तीन आठवडे राहिल्यास शरीर रक्तातील हिमोग्लोबिन वाढवून प्राणवायूची उणीव भरून काढू पाहते. मात्र याला मर्यादा आहे. फार उंचावर स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही, जोरकस सराव हातून होत नाही आणि झालेला थकवाही लवकर उतरत नाही. म्हणूनच राहण्यासाठी मध्यम उंची आणि कठीण सरावासाठी खालची दरी, अशी योजना पुष्कळ संघ करतात.

तिसरे अंग अर्थातच प्रत्यक्ष बर्फ. चाकावरची घसरण आणि बर्फावरची घसरण एक नव्हे. तोल, काठीचा रोव आणि स्कीची पकड यांची आठवण शरीराला अधूनमधून करून द्यावी लागते. पूर्वी त्यासाठी आल्प्सच्या हिमनद्या हक्काच्या होत्या. ऑस्ट्रियातील डाखस्टाइनच्या हिमनदीवर देशोदेशीचे संघ उन्हाळ्यात व शरद ऋतूत येत असत. या हिमनद्या आता झपाट्याने आटत आहेत. डाखस्टाइनवरील उतारांच्या स्कीइंगचा हिवाळी व्यवहार तर २०२२ साली थांबवावा लागला.

निसर्ग देईना तेव्हा बर्फ राखण्याचे आणि बनविण्याचे उद्योग सुरू झाले. स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे हिवाळ्यात रचलेला बर्फाचा ढीग लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर झाकून ठेवतात आणि ऑक्टोबरअखेरीस तोच पसरून चार किलोमीटरची वाट तयार करतात. आपल्याकडेही बर्फाची लादी भुशात ठेवण्याची रीत होतीच. येथे फक्त तिचे प्रमाण प्रचंड. फिनलंडमधील वुओकात्ती येथे १९९७ साली सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा स्की-बोगदा उघडला. जर्मनीत ओबरहोफ येथे २००९ पासून तशीच सोय आहे. बाहेर माणसे आइस्क्रीम खात असताना आत शून्याखाली तापमानात स्कीपटू त्याच त्या फेऱ्या मारीत असतो. हे कंटाळवाणे आहे आणि विजेच्या हिशेबाने महागही आहे. तापमानवाढीने ज्याचा बर्फ हिरावला, त्याच खेळाने बर्फ टिकविण्यासाठी वीज जाळावी, हा विरोधाभास युरोपातील क्रीडाजगताला अस्वस्थ करणारा आहे.

येथेच श्रीमंत व गरीब देशांतील अंतर वाढू लागते. हिवाळा सर्वांसाठी सारखाच असतो, उन्हाळा मात्र विकत घ्यावा लागतो. उंचीवरील मुक्काम, बोगद्यातील तास, सोबतचा प्रशिक्षक आणि तपासणीचा तंत्रज्ञ यांपैकी काहीही स्वस्त नाही.

भारताचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. प्याँगचँगच्या २०१८ च्या ऑलिम्पिकमध्ये जगदीश सिंग १५ किलोमीटरच्या शर्यतीत १०३ वा आला. विजेता दारिओ कोलोन्या आणि त्याच्यात सुमारे नऊ मिनिटांचे अंतर होते. लडाखचा स्टान्झिन लुंडुप २०२६ साली मिलान-कोर्तिनाच्या ऑलिम्पिकमध्ये उतरला. कर्नाटकातील कोडगू या बर्फाचा संबंध नसलेल्या जिल्ह्यातून आलेली भवानी तेक्कड नंजुंडा आंतरराष्ट्रीय शर्यतींत देशाचे प्रतिनिधित्व करते. जिद्दीची वाण येथे नाही. पण गुलमर्गचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा आणि तोही आता बेभरवशाचा. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा २०२५ साली बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला.

'आपल्याकडे हिमालय आहे, मग उंचीवरील शिबिरांसाठी परदेशी कशाला?' असा प्रश्न केला जातो. तो वाटतो तितका सरळ नाही. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे, म्हणजे युरोपीय संघ पसंत करतात त्यापेक्षा बरेच वर. तेथे राहून रक्त सुधारेल, पण वेगाचा सराव अवघड होईल. मध्यम उंचीची गावे हिमाचल व उत्तराखंडात आहेत. तेथे अडचण आहे ती रोलर स्कीसाठी लागणाऱ्या गुळगुळीत आणि वाहनमुक्त रस्त्याची. पर्यटकांच्या मोटारी चुकवीत ब्रेक नसलेल्या चाकांवर घाट उतरणे हा सराव नव्हे, जिवाशी खेळ आहे. तीन-चार किलोमीटरची बंदिस्त डांबरी वाट ही बर्फाच्या बोगद्याच्या तुलनेत अगदी किरकोळ खर्चाची बाब ठरेल आणि ती वर्षातील बर्फाविनाचे सारे महिने वापरता येईल. ऐन स्पर्धेच्या तोंडावर खेळाडूस काही आठवडे युरोपात धाडणे म्हणजे पी हळद अन् हो गोरी असा प्रकार होतो. पुढील हिवाळी ऑलिम्पिक २०३० साली फ्रेंच आल्प्समध्ये आहे. मिलान-कोर्तिनानंतर तोवर चार उन्हाळे येतात आणि नॉर्वेच्या वहीत त्यातील पहिल्याची नोंद २०२६ च्या १ मेपासून सुरू होते.